पडायला उंची लागते

काकांना वस्तू पाडण्याचा पगार मिळायचा. ऐकणारे हसत, आणि पहिली एक-दोन वर्षं काकांनाही हसू यायचं. लहानपणी हातून बशी निसटली की पाठीत धपाटा बसायचा. मोठेपणी त्याच हातांनी दिवसाला ऐंशी-नव्वद फोन दगडावर सोडले तर साहेब लोक "छान पडला" म्हणायचे. कुणाच्या नशिबात काय लिहिलेलं असेल, सांगता येत नाही.

फोन बनवणारी ती कंपनी. तिच्या तळमजल्यावर चाचणीची लांबट खोली होती. खोलीच्या मधोमध काळ्या दगडाची फरशी, तिच्या शेजारी सिमेंटची खरखरीत लादी, आणि दोन्हींच्या मागे एक लोखंडी खांब. खांबावर लाल पट्टे मारलेले होते: गुडघ्याएवढा, कमरेएवढा, छातीएवढा, कानाएवढा. माणसाच्या हातून फोन पडतो तो साधारण याच उंचीवरून. पाडायला यंत्रही होतं, पण यंत्र फोन सरळसोट सोडतं. माणसाच्या हातून तो निसटतो तेव्हा किंचित वळतो, कोपऱ्यावर आपटतो, एक उडी मारतो आणि मग उताणा पडतो. यंत्राला ते काही जमेना. म्हणून यंत्रानंतर काकांची पाळी यायची.

समोर एक कॅमेरा होता. तो एका सेकंदाचे हजारो तुकडे करून चित्र काढायचा, पण त्याच्या पोटात तीनच सेकंद मावायचे. चित्रण सुरू झालं की ‘टीं’ असा आवाज व्हायचा, आणि आवाज झाला की काकांनी बोटं उघडायची. उशीर झाला तर फोन फुटतो खरा, पण फुटताना कुणाला दिसत नाही, आणि मग तो फुकट गेला. काकांचा एकही फोन असा फुकट गेला नव्हता. नऊ वर्षांत दोन लाखांच्या घरात फोन पाडले असतील त्यांनी. शेवटी शेवटी डोक्याला तसदी द्यावी लागायची नाही. टीं झालं की बोटं आपली आपण उघडायची, आणि काकांच्या मनात तेव्हा डब्याचा नाहीतर सांध्यांच्या दुखण्याचा विचार चाललेला असायचा.

अलीकडे फोनला मागूनही काच लावायची पद्धत आली होती. काकांना ते पटत नव्हतं. पुढे काच हवी हे कबूल, त्यातून बघायचं असतं. पाठीला काच कशाला? कपाळाला आरसा बांधून फिरतं का कुणी? चाचणी विभागाच्या प्रमुख मॅडम वयाने काकांच्या लेकीएवढ्या होत्या. त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं, की हल्ली फोन वायर न जोडता नुसता चकतीवर ठेवून चार्ज होतो, आणि धातूच्या पाठीतून ते होत नाही, काचेतून होतं. शिवाय हातात घेतला की काच श्रीमंत वाटते. काका म्हणाले, हातात असेपर्यंत वाटणारच.

पण मॅडमनी त्याच दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती काकांच्या मनात रुतून बसली. ही काच मुळात दणकट असते. पहिल्यांदा पडते तेव्हा बहुतेक वेळा फुटत नाही. तिला एक बारीक ओरखडा जातो, डोळ्यांना दिसतही नाही. मग तो फोन किल्ल्यांबरोबर खिशात हिंडतो, उन्हात तापतो, महिने जातात. आणि एक दिवस टेबलावरून घसरायचं निमित्त होतं आणि पाठ चिरफाळून जाते. गिऱ्हाईक तावातावाने येतं, म्हणतं, एवढ्याशा पडण्याने फुटला. त्याला कोण सांगणार, की बाबा, तो फुटला होता आधीच, तुला दिसला आज.

तर असे हे काका. कामात पक्के, स्वभावाने भिडस्त, आणि काळजी करण्यात कुणाला हार न जाणारे.

काळजीची सुरुवात एका कपापासून झाली. त्या दिवशी सकाळी काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. डाव्या हातात वर्तमानपत्र, उजव्या हातात चहाचा कप. बायकोने ओव्हनमध्ये दूध गरम करायला ठेवलं होतं. दूध झालं आणि ओव्हन म्हणाला, टीं. कप खाली पडला.

बायको म्हणाली, अहो, लक्ष कुठंय. काका हसले, फडकं आणलं, फरशी पुसली. पण पुसता पुसता ते थांबले. हातून निसटणं काय आणि सोडणं काय, हा फरक त्यांच्याइतका कुणाला कळणार? कप निसटला नव्हता. त्यांनी तो सोडला होता. अगदी कामावर सोडतात तसा, अंगठा आधी, मग चार बोटं.

आणि याच्या तिसऱ्या दिवशी लेक बाळाला घेऊन घरी आली. बाळ तीन आठवड्यांचं होतं. जावयाला कामासाठी दीड महिना परगावी जावं लागलं, तेव्हा लेक म्हणाली, तेवढे दिवस आईकडेच राहते. बाळाचं नाव अजून ठरत नव्हतं. जन्मली तेव्हा इवलीशी होती म्हणून आजीने तिला ‘मुंगी’ म्हणायला सुरुवात केली होती. दारातच लेकीने मुंगीला पुढे केलं, म्हणाली, "घ्या बाबा, तुमची नात."

काकांचे हात पुढे झाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. त्यांना तो कप दिसला. ते म्हणाले, बाहेरून आलोय, हात धुतो. आणि हात धुवायला गेले ते बाथरूममधून बाहेर यायला त्यांनी पाऊण तास लावला.

तिथून पुढे बहाण्यांचा बाजार भरला. एक दिवस सर्दी झाली. एक दिवस कंबर धरली. एकदा म्हणाले, कामावर काचेचा चुरा उडतो, कपड्यांत अडकून राहतो, बाळाला टोचायचा. हे निदान खरं तरी होतं. आंघोळ करून आल्यावर म्हणाले, आता ती झोपलीय, कशाला उठवता. मुंगी डोळे टक्क उघडे ठेवून त्यांच्याकडेच बघत होती.

आणि घर तरी कसलं, नुसतं आवाजांचं दुकान. ओव्हन वाजतो, कपडे धुण्याचं मशीन वाजतं, बाटल्या उकळायचं भांडं वाजतं, फ्रिजचं दार उघडं राहिलं तर तोही कुरकुरतो. पूर्वी हे आवाज काकांच्या कानावरून जात असत. आता एकेक आवाज त्यांना नावानिशी ओळखू यायला लागला. मुंगीला घेऊन कुणी जवळून गेलं की ते आपले हात पाठीमागे बांधून घेत. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. काकांचं मन दिवसातून दहा वेळा तेच चिंतत होतं. अंगठा आधी, मग चार बोटं.

सांगायचं कुणाला? बायकोला सांगावं, तर ती घाबरून बाळाला दुसऱ्या खोलीत हलवणार. लेकीला काय सांगणार? की तुझ्या बापाचा हात आता त्याच्या ताब्यात राहिला नाही? त्यांना मनापासून लाज वाटत होती. म्हणून गप्प बसले, आणि गप्प बसलेल्या माणसाबद्दल लोक आपापल्या मनाने काय ते ठरवतात.

लेकीनेही ठरवलं. पाचवा आठवडा संपत आला होता. रविवारी सकाळी जावई न्यायला येणार होता. सोमवारी संध्याकाळी काका बुटांच्या नाड्या सोडत असताना ती समोर येऊन उभी राहिली. मुंगी तिच्या खांद्यावर होती.

"बाबा, एक विचारू? मी तुमच्या मनाविरुद्ध लग्न केलं, त्याचा राग हिच्यावर काढताय का?"

काकांची बोटं नाडीवरच थांबली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. लेकीने आपलं आपण ठरवलं होतं आणि काका तिच्याशी चार महिने बोलले नव्हते. पुढे सगळं सुरळीत झालं. जावयाशी त्यांची दाट मैत्री जमली, दोघे बुद्धिबळ खेळत. काका समजत होते, ते सगळं केव्हाच पुसलं गेलं. आणि ते तर तिथेच होतं. डोळ्यांना न दिसणारं, खिशात चार वर्षं हिंडलेलं. "नाही गं, असं काय बोलतेस" एवढंच ते कसंबसं म्हणाले. लेक म्हणाली, बरं. आणि आत गेली. त्या एका ‘बरं’ने काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ओरखडा त्यांच्याच हातचा होता, आणि वर हा नवा मार बसत होता. हातात पाच दिवस होते.

मग काकांनी एक उपाय काढला. माणूस घाबरला की त्याला उपाय फार सुचतात, धड एकही नसतो. काका म्हणाले, नऊ वर्षांत जे शिकलो ते पाच दिवसांत विसरून दाखवतो.

मंगळवारी पहाटे पाचला ते उठले. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मुंगीचं वजन साडेचार किलो भरलं होतं, म्हणून त्यांनी डब्यातलं पीठ एका कापडी पिशवीत साडेचार किलो मोजून भरलं. ओव्हनमध्ये पाण्याचा पेला ठेवला, दहा सेकंद लावले आणि पिशवी दोन्ही हातांत आडवी घेऊन उभे राहिले. टीं. बोटं उघडली. पिशवी मांडीवरून घरंगळत गुडघ्यावर अडली आणि थोडं पीठ पायांवर सांडलं. ते पीठ होतं म्हणून बरं, हे वाक्य त्यांनी मनातही पुरं होऊ दिलं नाही.

पुन्हा दहा सेकंद. पुन्हा. आवाज झाला की मुठी आवळायच्या, दात आवळायचे, डोळे मिटायचे. बुधवारी पिशवी पडली नाही, नुसती हलली. गुरुवारी हललीही नाही. गुरुवारीच बायको पाणी प्यायला उठली आणि दारात थबकली. नवरा ओव्हनसमोर पिठाची पिशवी छातीशी कवटाळून डोळे मिटून उभा. तिने जवळ येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. म्हणाली, "चपात्या हव्यात का तुम्हाला, तर तसं सांगा." आणि पाणी पिऊन गेली. पस्तीस वर्षांचा संसार झालेल्या बायका काही गोष्टी विचारत नाहीत.

गुरुवारी काका शीळ घालत कामावर गेले. आणि तिथे भलतंच वाढून ठेवलं होतं.

नव्या फोनची शेवटची चाचणी चालू होती. मागची काच नवी होती, पूर्वीपेक्षा दणकट म्हणून तिचा गाजावाजा होणार होता. त्या काचेचे चाळीसच नग कारखान्यातून आले होते. प्रत्येक नगाला आधी यंत्रात वाळू आणि किल्ल्यांबरोबर घुसळून ओरखडे पाडलेले, म्हणजे जणू वर्षभर वापरलेले. आता पाठीवर पडल्यावर तडा कुठून सुटतो, हे कॅमेऱ्यात दिसायला हवं होतं. सोळा नग आदल्या दिवशीच झाले होते. काकांनी सतरावा हातात घेतला, छातीच्या पट्ट्याशी धरला.

टीं झालं, आणि काकांची मूठ आवळली गेली.

फोन हातातच राहिला. कॅमेऱ्यापलीकडून मॅडम म्हणाल्या, काय झालं काका? काही नाही म्हणाले, पुन्हा घ्या. पुन्हा टीं, पुन्हा मूठ. तिसऱ्यांदा त्यांनी जोर लावून बोटं उघडली, पण तोवर तीन सेकंद संपून गेले होते. फोन वेडावाकडा पडला, उताणा झाला, आणि पाठीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाळं पसरलं. फुटला, आणि फुटताना कुणी पाहिला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा काकांच्या हातचा फोन फुकट गेला होता.

अठराव्यालाही तेच झालं असतं. मॅडमनी दिवे बंद करायला सांगितले आणि काम थांबवलं. काका बाकावर बसून आपल्या हातांकडे बघत राहिले. घरी नात घेता येत नाही, कामावर फोन सोडता येत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, म्हणतात ते हेच. उद्या साहेब म्हणतील, काका, आता पुरे. आणि साठीला टेकलेल्या माणसाला पाडण्याचं काम दुसरं कोण देतंय?

बाकीची माणसं चहाला गेल्यावर मॅडम शेजारी येऊन बसल्या. घरी काही झालंय का, विचारलं. काकांनी आधी नाही म्हटलं, मग सगळं सांगून टाकलं. कप, बाळ, पिठाची पिशवी, लेकीचा प्रश्न. मॅडम हसल्या नाहीत. उठल्या आणि म्हणाल्या, चला, एक दाखवते.

त्यांनी संगणकावर आजचं चित्रण लावलं. "अहवालात आपण फक्त फोनपुरती चौकट कापून ठेवतो," त्या म्हणाल्या. "हे न कापलेलं आहे. बघा."

पडद्यावर काकांचा उजवा हात, त्यात फोन, मूठ आवळलेली. हे काकांना माहीत होतं. मग मॅडमनी मागच्या वर्षीचं एक चित्रण लावलं. बोटं संथ उघडली, अंगठा आधी, मग चार. फोन हवेत सुटला. आणि चौकटीच्या डाव्या कडेने आणखी एक हात आत आला. तळवा वर, बोटं पसरलेली. फोनच्या खाली पोचायच्या बेतात आला आणि थांबला. फोन त्याच्या शेजारून खाली गेला. हात तसाच रिकामा राहिला आणि मग हळूच मागे गेला.

"हा कुणाचा?" काकांनी विचारलं.

"तुमचाच. डावा."

मॅडमनी तीन वर्षांपूर्वीचं लावलं. पाच वर्षांपूर्वीचं लावलं. अगदी पहिल्या वर्षाचं लावलं, त्यात काकांच्या बाहीला जुनं निळं बटण होतं. दर वेळी उजवा सोडत होता आणि दर वेळी डावा झेलायला धावत होता. साध्या डोळ्यांना हे दिसणं शक्य नव्हतं, खांदा नुसता हलल्यासारखा वाटला असता.

"मी इथे आल्यापासून तुमच्या प्रत्येक चित्रणात ही बाजू कापतेय," मॅडम म्हणाल्या. "नऊ वर्षांत एकदाही चुकलेला नाही तो."

"बाकीच्यांचा येत नाही?"

"नाही. यंत्राचा तर नाहीच नाही."

काका हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. दोन लाख फोन. त्यातला एकही त्यांना पाडायचा नव्हता तर.

मॅडमनी त्यांना शुक्रवारी सुट्टी दिली आणि सांगितलं, उरलेले तेवीस नग सोमवारी बघू. आता गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण काका काका होते. घरी चालत जाताना कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत त्यांचं मन हलकं होतं, आणि दुकानापाशी पोचता पोचता त्यांच्या लक्षात आलं: कप का पडला? डाव्या हातात वर्तमानपत्र होतं म्हणून. डावा मोकळा असता तर त्याने झेलला असता. आणि बाळ घेताना दोन्ही हात गुंतलेले असतात. मग झेलणार कोण?

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आणि काकांचा ब्रह्मराक्षस तर हिशोबी होता. शुक्रवार त्यांनी घरात हात मागे बांधून येरझाऱ्या घालण्यात काढला. लेक कपडे आवरत होती, बाळाची छोटी छोटी टोपडी घडी करून बॅगेत ठेवत होती. बापाशी बोलत होती, जेवायला बोलावत होती, पण मुंगीला मात्र आता ती त्यांच्यासमोर आणतच नव्हती. ते काकांना फार लागलं.

शनिवारी दुपारी काका खिडकीशी उभे होते. समोरच्या फुटपाथच्या कडेला एक मुलगी मैत्रिणीची वाट बघत बसली होती, अगदी खाली, पाय रस्त्यावर सोडून. तिच्या मांडीवरून फोन घसरला आणि टप्कन दगडावर पडला. काकांनी सवयीने श्वास रोखला. मुलीने फोन उचलला, ओढणीने पुसला आणि पुन्हा मांडीवर ठेवून दिला. साधी नजरही टाकली नाही तिने त्याच्या पाठीवर.

काका खिडकीतून मागे सरले. डोळ्यांसमोर तो लोखंडी खांब आला. कान, छाती, कंबर, गुडघा. गुडघ्याखाली पट्टाच नव्हता. नऊ वर्षं ते त्या खांबाशेजारी उभे होते आणि हे कधी मनात आलं नव्हतं. वीतभर उंचीवरून काही फुटत नाही, म्हणून तिथे कुणी पट्टा मारायच्या फंदातच पडलं नव्हतं.

त्यांनी कपाटातून दोन जाड गोधड्या काढल्या. बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात एकावर एक अंथरल्या. पाठ भिंतीला टेकवली, मांडी घालून बसले, आणि मांडीपासून गोधडीपर्यंत हाताने मोजलं. पुरती वीतही भरली नाही. मग त्यांनी लेकीला हाक मारली.

ती आली, बापाला कोपऱ्यात असं बसलेलं बघून गोंधळली. मुंगी तिच्या खांद्यावर होती. काकांनी सांगायला सुरुवात केली. या वेळी काही वगळलं नाही. ती उभीच होती. काका तिच्या चेहऱ्याकडे न बघता गोधडीच्या टाक्यांकडे बघत बोलत होते. शेवटी म्हणाले, "राग नाही गं. राग तेव्हाही तुझ्यावर नव्हता, माझं ऐकावंसं तुला वाटलं नाही म्हणून माझ्यावरच होता. मला भीती वाटते. माझा हात आवाजाला उघडतो."

लेकीने मुंगीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "पाच आठवडे, बाबा. हे सांगायला तुम्हाला पाच आठवडे लागले?"

"लाज वाटली."

ती खाली बसली, त्यांच्या उजव्या अंगाला, अगदी चिकटून. आणि तिने मुंगीला त्यांच्या हातांत दिलं.

पिठाची पिशवी वेगळी आणि हे वेगळं. हे गरम होतं, हलत होतं, मान सावरायला लागत होती. काकांनी उजवा हात डोक्याखाली, डावा पाठीखाली घातला. दोन्ही हात गुंतले. मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मोठी जांभई दिली.

तेवढ्यात काकांना स्वयंपाकघराच्या दारातून ओव्हनचा लाल आकडा दिसला. बायको दूध ठेवून शेजारी गेली होती. एकोणीस. अठरा. लेकीनेही बापाची नजर कुठे गेली ते पाहिलं आणि उठायला लागली. "राहू दे," काका म्हणाले. "आज ना उद्या वाजणारच आहे." सांगून बसले खरे, पण नजर आकड्यावरून हलेना. नऊ. आठ. त्यांनी मुठी आवळल्या नाहीत. साडेचार किलोच्या जिवाला मुठीत आवळता येत नाही. दोन. एक.

टीं.

मुंगी दचकली. तिचे दोन्ही हात एकदम बाजूला फेकले गेले आणि दहाच्या दहा बोटं ताणून उघडली, जणू हातातलं सगळं तिने एका झटक्यात सोडून दिलं. काका बघतच राहिले. मग ते हात हळूहळू जवळ आले आणि त्यातल्या एकाने काकांच्या सदऱ्याचं बटण घट्ट धरलं.

"आवाजाला उघडतात हिची बोटं," काका हळूच म्हणाले. "माझ्यावर गेलीय." लेक हसली. तेव्हा कुठे काकांनी खाली आपल्या हातांकडे पाहिलं. ते होते तिथेच होते, मुंगीच्या खाली, एक बोटही हललेलं नव्हतं.

आणि त्यांच्या हातांच्या खाली आणखी एक हात होता. लेकीचा, डावा. तळवा वर, बोटं पसरलेली, गोधडीच्या जरासा वर अधांतरी थांबलेला. तो तिथे कधी आला, हे तिला ठाऊकही नसावं. ती मुंगीच्या तोंडाकडे बघून अजून हसत होती.

काकांनी तिला ते सांगितलं नाही. त्यांनी हात इंचभर खाली घेतले आणि मुंगीसकट तिच्या तळव्यावर टेकवले.

दूध काढून घेईपर्यंत ओव्हन दर मिनिटाला आठवण करून देत राहतो. तो तसा वाजत राहिला, आणि बायको परत येईपर्यंत कुणी उठलं नाही.